जावेची कळ

सकाळचे साडेसात वाजले की कराडच्या सोमवार पेठेत दोनतीन घरांतल्या बायका खिडकीचा गज धरून उभ्या राहतात. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. येणारेजाणारे तिकडं बघत नाहीत. खाली मुलं खेळत असली तर आपणहून आवाज कमी करतात. 'नेम चालला आहे,' एवढंच म्हणतात. मिनिटभरानं बाई डोळे उघडते, कपाळ पुसते आणि चहाचं आधण ठेवते. २०६८ साली पहिलटकरणीच्या दिवसाची सुरुवात अशी होते.

या नेमाचं शास्त्रातलं नाव पूर्वकळ. बाळंतपणाच्या वेणा सुरू व्हायच्या आधीच त्या थोड्याथोड्या चाखून ठेवायच्या, रोज एक, नव्वद दिवस. त्यामागचा विचार साधा आहे. वेणांच्या दुःखात अर्धा वाटा शरीराचा असतो आणि अर्धा अनोळखीपणाचा. पुढं काय येणार हे मेंदूला ठाऊक नसलं की तो भितो, अंग आवळून धरतो, आणि आवळलेल्या अंगात कळ दुप्पट होते. ओळखीच्या कळेला तो एवढा भीत नाही.

पण न आलेल्या वेणेची ओळख आधीच कशी होणार? तर गर्भाशय काही एके दिवशी अचानक कामाला लागत नाही. पाचव्यासहाव्या महिन्यापासून ते आतल्या आत हलकंच आवळतं, सैल होतं, सराव करतं. पोटावर चिकटवलेली बोटाएवढी टिकली हा सराव टिपते आणि त्यावरून या बाईची खरी वेण कुठून उठेल, कशी चढेल, कुठं मोडेल याचा अंदाज बांधते. त्याला कळेची चाल म्हणतात. बोटाच्या ठशासारखी ती प्रत्येकीची वेगळी. मग कमरेला बांधायचा पट्टा तीच चाल मज्जातंतूंना ऐकवतो. स्नायूंना तो शिवत नाही, त्यामुळं बाळाला काही पोचत नाही. पहिल्या दिवशी नव्वदावा भाग, शेवटच्या दिवशी अख्खी. प्रसूतिकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे : 'जिला कळली, तिला कळ छळत नाही.'

शर्वरीला ते वाक्य वाचूनच घाम फुटायचा.

एरवी ती भित्री म्हणावी अशी नव्हती. कोयनेवरच्या पुलांची तपासणी करायचं तिचं काम. दोरावर लोंबकळत, चाळीस मीटर खाली पाणी, ती हातोडीनं ठोकून कुठला खांब पोकळ वाजतो ते सांगायची. एकदा तशीच पडली होती, तेव्हापासून पाठीच्या कण्यात धातूची पट्टी होती. म्हणून पाठीत सुई टोचून कंबर बधिर करण्याचा जुना मार्ग तिच्यासाठी बंद होता. तिचा नवरा निषाद चिडवायचा की उंचीला भीत नाहीस आणि चिमट्याला भितेस. ती म्हणायची, उंची डोळ्यांना दिसते तरी, ही कळ किती खोल आहे ते कोण सांगणार?

पहिल्या दिवशी तिनं पट्टा बांधला, त्यावरची कळ दाबली, आणि मुंगी चावल्याएवढं काहीतरी ओटीपोटात हललं मात्र, तिनं पट्टा ओढून काढला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन वरच्या मजल्यावर मोठ्या जावेकडं गेली.

मनवाताई देवापुढं वाती वळत बसल्या होत्या. वय चव्वेचाळीस, लग्नाला एकोणीस वर्षं. त्यांना कधी दिवस गेलेच नव्हते. आधी उपचार झाले, मग उपचार थांबले, आणि त्या दोन्हींबद्दल त्या आता बोलत नसत. शर्वरीचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. घरचे मामंजी असताना त्यांना पथ्यामुळं एकादशी झेपेना, तेव्हा ती मनवाताईच करत आणि फळ त्यांच्या नावानं सोडत. या पट्ट्यात वेगळं काय होतं?

"एक कळ दाबायची नि दुसरी सोसायची, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "मी करते तुझा नेम. टिकली तुझ्या पोटावर राहू दे, पट्टा मला दे."

"ताई, असं चालतं?"

"उपास चालतो तर हे का नाही चालणार?"

दुसऱ्या दिवसापासून मनवाताई अंघोळ करून, तळहातावर पाणी घेऊन, ही कळ मी घेते, फळ शर्वरीला, असं मनाशी म्हणून ते ताम्हनात सोडत आणि पट्टा बांधत. कळ होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. मग चहाबरोबर शर्वरीला खबर मिळायची. आजची आळशी होती, उठायलाच तयार नव्हती. आजची मात्र खाष्ट, सरळ पाठीत शिरली. मनवाताई कळेबद्दल अशा बोलत जशा एखाद्या नणंदेबद्दल, आणि शर्वरी पोट धरून हसायची. निषाद म्हणायचा, वर दोघींचं काहीतरी शिजतंय. शर्वरीला वाटायचं, आपलं सगळं होतंय. ती नीट जेवू लागली, झोपू लागली. मनवाताईंनाही मोठी भूक लागायची. चिंच खावीशी वाटायची. शर्वरीचे डोहाळे आपल्याला लागले म्हणून त्या स्वतःशीच हसायच्या आणि जाडजूड बुटुक तोंडात टाकायच्या.

एकाहत्तराव्या दिवशी केंद्रातून दोघींना बोलावणं आलं.

डॉक्टर येसुगडे या पट्ट्याच्या जन्मापासून त्यावर काम करत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नोंदींकडं बोट दाखवून सांगितलं की अमुक तारखेला सकाळी साडेसातला शर्वरीची टिकली जिना उतरत होती आणि पट्टा मात्र एका जागी उभा होता. आता बाई कमरेतून दोन तुकड्यांत फिरत असेल तर गोष्ट वेगळी.

दोघींनी माना खाली घातल्या. मग मनवाताईंनी सगळं सांगितलं, तळहातावरच्या पाण्यासकट.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "मनवाताई, देव फळ दुसऱ्याला देत असेल, मी नाही म्हणत नाही. मज्जातंतू देत नाहीत. ओळख तुमच्या मेंदूला झाली. हिच्या मेंदूला ती कळ आजही तितकीच परकी आहे."

"मग आता हिला उरलेल्या दिवसांत द्या की."

"नव्वद दिवसांची चढण एकोणीस दिवसांत चढवली तर ओळख होत नाही, धसकाच बसतो."

शर्वरी पांढरी पडली. निरोगी बाई, बाळ नीट, सगळं होईल, जगातल्या सगळ्या बायकांचं पूर्वी असंच व्हायचं, असं डॉक्टर समजावत राहिल्या, आणि त्यातलं एक अक्षर तिच्या कानांत शिरत नव्हतं. उठताना मनवाताईंनी पट्टा परत केला नाही. डॉक्टरांनी हात पुढं केला तर त्या हळूच म्हणाल्या, "उरलेले एकोणीस पुरे करते. नेम अर्धवट टाकत नाहीत."

त्याचा उपयोग नाही हे डॉक्टरांना माहीत होतं. तरी त्यांनी हात मागं घेतला.

नव्वदाव्या दिवशी मनवाताईंनी अख्खी कळ घेतली. ओटा धरून ती मोडेपर्यंत उभ्या राहिल्या. नंतर केळीच्या पानावर शिरा वाढून त्यांनी नेमाचं उद्यापन केलं. शर्वरीनं त्यातला घासही खाल्ला नाही.

तीन दिवसांनी, दुपारी जेवणं आटोपत असताना, शर्वरीला खरी वेण आली. केंद्रात पोचेपर्यंत ती थरथर कापत होती. पलंगाची कड धरून ती एकच म्हणत होती, मला जमणार नाही. दुसरी वेण आली तशी तिनं श्वासच रोखला. पडद्यावरचे आकडे भराभर चढले आणि डॉक्टर परिचारिकेला काहीतरी सांगायला वळल्या.

मनवाताई पाठीमागं उभ्या होत्या. त्यांनी तिसऱ्या वेणेच्या सुरुवातीला शर्वरीच्या कमरेवर तळवा टेकवला.

"ही मला माहीत आहे," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "उजवीकडून उठली ना? आता पाठीत जाईल. जाऊ दे. नऊ म्हणेपर्यंत चढेल. सात, आठ, नऊ. आता उतरल्यासारखं करेल, फसू नकोस, खोटी उतरण आहे. परत चढते बघ. आता पाच म्हण. मोडली."

मोडली. त्याच क्षणी.

शर्वरीनं मान वळवून जावेकडं पाहिलं. पुढच्या वेणेला ती श्वास घेत होती. त्याच्या पुढच्या वेणेला तिनं स्वतःच विचारलं, ही कुठली? आणि मनवाताई म्हणाल्या, "ही आळशी आहे, हिला वेळ लागेल." दोघी चक्क हसल्या. परिचारिकेला वाटलं, हे काहीतरी वेगळंच घर आहे.

डॉक्टर येसुगडे पडद्याकडं बघत होत्या. रेघ चढायच्या अर्धा क्षण आधी मनवाताईंच्या तोंडून शब्द निघत होता. ओळख स्वतःच्याच मज्जातंतूंत हवी, असं त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. इथं ती दुसरीच्या तोंडात होती आणि काम करत होती. शर्वरीला कळ होत होतीच, तिनं ओरडूनही घेतलं, पण भीती तिथं कुठं दिसत नव्हती. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची, भलती रागीट. निषादनं अख्ख्या मजल्याला बर्फी वाटली. मनवाताईंचे यजमान तर रस्त्यावर जाऊन अनोळखी माणसांना वाटून आले.

तिसऱ्या दिवशी बाळ भुकेनं रडलं आणि मनवाताईंच्या छातीत काहीतरी दाटून आलं. त्यांना वाटलं, हातातला पेला हिंदकळून पदर भिजला. मग पाहिलं तर पेला भरलेलाच होता.

त्या पदर घट्ट लपेटून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. चोरी केल्यासारख्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि बराच वेळ हात धुतले.

"तुम्ही ती कळ शर्वरीच्या नावानं घेतलीत," त्या म्हणाल्या. "पण शरीराला नाव ऐकू येत नाही. तीन महिने त्याला तुम्ही सांगितलंत की मूल येणार आहे. त्यानं तयारी केली."

"माझ्या शरीरानं?"

"हो. तुमच्या."

मनवाताई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते डॉक्टरांनी पुढं कुणाला सांगितलं नाही. त्यांनी दोन गोळ्या काढून दिल्या, घेतल्या की दूध उद्यापर्यंत आटेल म्हणाल्या. नोंदवहीत, पट्टा यापुढं दुसरीला बांधता येऊ नये, असं लिहायला त्यांनी सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबल्या. ही बातमी बाहेर पडली तर केंद्राच्या दारात उद्या कोण कोण उभं राहील, ते त्यांना दिसत होतं. दुसरीचा नेम करायला तयार असलेल्या कितीतरी बायका.

मनवाताई परत आल्या तेव्हा गोळ्या मुठीत होत्या. शर्वरी अर्धवट झोपेत होती, बाळ अजून कुरकुरत होतं. तिनं जावेचा पदर पाहिला, मूठ पाहिली, आणि विचारलं. मनवाताईंनी खरं तेच सांगितलं. त्यांना खोटं जमत नसे.

शर्वरी आधी हसली. अगदी मनापासून, टाके दुखेपर्यंत. म्हणाली, गोळ्या कशाला, माझी तर झोप वाचेल. निम्मं बाळंतपण तुम्हीच केलंत, घ्या, निम्मं पाजा. आणि तिनं बाळ उचलून सरळ मनवाताईंच्या मांडीवर ठेवलं.

बाळ क्षणभर चाचपडलं आणि लागलं. तीन दिवस शर्वरीकडं त्याची नीट पकड बसत नव्हती. इथं बसली. मनवाताईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. शर्वरीनं असा चेहरा त्यांचा कधी पाहिला नव्हता. तिला फार आनंद झाला.

बाळ पिऊन झोपलं. शर्वरीनं हात पुढं केले.

"ताई, द्या आता."

"हो, देते हं," मनवाताई म्हणाल्या, आणि बाळाच्या जावळावरून बोट फिरवत राहिल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

शर्वरीचे हात तसेच पुढं होते.