मागचं टोक

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती तर मी भुताला निदान रात्रीची वेळ दिली असती.

पण हे भूत कामावर होतं. त्यामुळे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा.

मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. चष्म्याच्या दुकानासमोरचा फूटपाथ. मी टेम्पोच्या सीटवरून सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझ्या डोळ्यांना नंबर नाही. त्याच दुकानात लगेच तपासून घेतले.

आधी माणसं सांगते. माझा मामा दुकानांच्या मोठ्या काचा बसवतो. मी त्याच्याच मालकाचा टेम्पो चालवते. आणि मामाचा जोडीदार, बावीस वर्षं काचेचं मागचं टोक धरणारा, रेडिओ. त्याला रेडिओ म्हणायचे, कारण तो बोलायचाच नाही.

बोलायची गरजही नव्हती. मोठी काच दोघं उचलतात. रस्त्याच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून काचेवर बोटाने वाजवायचं. मागचा दोन ठोके देतो... टक, टक. म्हणजे धरलं. काच जागेवर बसली की पुढचा तीन ठोके देतो. म्हणजे सोड. तीन ठोके पडल्याशिवाय मागच्याने सोडायचं नाही. नाकाला खाज सुटली तरी नाही.

रेडिओ मेला तेव्हा मामाने तीन ठोके दिलेच नव्हते.

त्या दिवशीची काच चार माणसांची होती. मालकाने दोन पाठवली. खांद्यावरून काचेखाली जाणारा पट्टा उसवलेला होता. मामा चार महिने नवा मागत होता. मालकाचं उत्तर ठरलेलं.

"चालतोय ना अजून? मग?"

जिन्यात पट्टा तुटला. रेडिओ खालच्या बाजूला होता. त्याने बाजूला उडी मारली असती तर तो वाचला असता, आणि काच मामाला घेऊन खाली आली असती.

त्याने उडी मारली नाही.

काच त्याच्या छातीवर येऊन थांबली.

तिच्यावर साधा ओरखडा नव्हता. मालकाने त्याच आठवड्यात तीच काच त्याच घरी बसवून दिली. गिऱ्हाईक खूश होतं म्हणे.

हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतंय. असो. मंगळवार.

रेडिओ जाऊन तीन आठवडे झाले होते. नवा माणूस आला नव्हता. मालक "बघतो" म्हणाला होता, आणि बघतच होता. आठ फुटांची काच उतरवायची होती. मी मदतीला दार उघडलं.

"तू बस," मामा म्हणाला. "इंजिन बंद करू नको."

त्याने पुढचं टोक धरलं. थांबला.

आणि मग...

टक. टक.

मागच्या टोकाकडून.

मागे कोणी नव्हतं.

काच उचलली गेली. मामा चालू लागला. काच त्याच्यामागे चालू लागली, मागचं टोक अधांतरी, एका रेषेत, जरासुद्धा न डुलता.

रस्त्यावर कोणी बघितलं नाही. काच नेणाऱ्याकडे कोण बघतं? फक्त एक ट्रॅफिक हवालदार ओरडला, "ओ, त्या मागच्याला सांगा नीट बघून चालायला!"

त्याला मागे कोण दिसलं, हे विचारायला मी गेले नाही.

परतताना दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला राहवेना.

"मामा, मागे कोण होतं?"

"रेडिओ."

"तो गेला ना?"

"गेला." मामाने खिडकीची काच वर केली. "गिअर बदल. घरघरतोय."

शरीर गेलं, नोकरी राहिली. मी तेव्हा हसले होते. हे कबूल करते.

गुरुवारी मालकाने गोदामात हा प्रकार पाहिला. मला वाटलं आता हा आडवा होणार. निदान किंचाळेल तरी. त्याने हनुवटी खाजवली.

"म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज नाही तर."

आणि हजेरीच्या फळ्यावरून पुसलेलं नाव त्याने परत लिहिलं. खडूने. रेडिओ. हजर.

"जेवायची सुट्टीपण लागत नाही त्याला," असं म्हणून तो हसला.

तो टेम्पोच्या मागेच उभा होता. रिव्हर्स टाकायला मला एक सेकंद लागला असता. हेही कबूल करते.

सोमवारी चष्मेवाल्याचा फोन आला.

"अहो, काचेवर हातांचे ठसे आहेत. आतून पुसले, बाहेरून पुसले. जात नाहीत. आणि त्यातलं एक बोट अर्धंच आहे."

रेडिओचं डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं होतं. जुन्या काचेने कापलेलं.

मी गोदामात गेले. मामाने त्या आठवड्यात उचललेल्या काचा स्टँडवर उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मागच्या कडेला दोन हात. साडेनऊ बोटं.

एकीला मी तळवा लावला.

ती थरथरत होती... अगदी बारीक. जड ओझं फार वेळ धरून ठेवलेल्या दंडासारखी.

मग माझ्या लक्षात आलं. मामा काच बसवायचा, पाठ फिरवायचा आणि निघायचा. तीन ठोके देतच नव्हता. रेडिओ बिचारा सगळ्या काचा धरून उभा होता. चष्म्याच्या दुकानात, बँकेत, गोदामात. सगळीकडे एकाच वेळी.

मी मामावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"तीन ठोके द्यायला तुझं काय जातं? दमलाय तो!"

"मला कळत नाही का?"

"मग?"

मामा हातमोजे काढत बसला. एकेक बोट ओढून.

"दिले, आणि तो खरंच गेला, तर?" तो म्हणाला. "बावीस वर्षं मी मागे वळून बघितलं नाही गं. गरजच पडली नाही."

मी त्याचे हातमोजे उचलून खुंटीला लावले.

शुक्रवारी मालकाने दहा फुटांची काच काढली. तिसरा मजला. जिना.

"ही चार जणांची आहे," मामा म्हणाला.

"दोघं आहात की! आणि एकाला तर दम लागत नाही."

पट्टा तोच होता. गाठ मारलेला.

मालक स्वतः आला, गिऱ्हाईकासमोर मिरवायला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो काचेच्या मागच्या टोकाखाली, खालच्या पायरीवर उभा राहून सूचना देत होता. "डावीकडे. अरे, डावीकडे रे!" मी वरच्या दाराशी होते.

गाठ सुटली.

मामाचा पाय घसरला. काच खाली झुकली... आणि थांबली. अधांतरी. मालकाच्या छातीपासून वीतभर.

टक. टक.

धरलं.

कोणी हललं नाही. मामाने खाली बघितलं. मालकाकडे. मी मामाचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता, आणि परत बघायचा नाहीये. त्याचं एक बोट काचेजवळ गेलं.

तीन ठोके. बस्स, तेवढंच लागणार होतं.

खरं सांगू? मी मनात म्हणत होते, दे.

"मालक," मामा शांतपणे म्हणाला, "मागचं टोक धरा."

"मी? अरे, पण तो..."

"धरा म्हणतोय ना!"

मालकाने धरलं. दोन्ही हातांनी, छाती लावून. मामाने आपलं टोक कठड्यात अडकवलं, आणि वाजवलं.

टक.

टक.

टक.

सगळं वजन मालकावर आलं. तो ओरडला तो आवाज माणसाचा वाटला नाही. मी धावत खाली गेले, कड धरली, मामा आला, आणि तिघांनी मिळून काच भिंतीला टेकवली. मालक पायरीवर बसला. त्याचे हात मात्र तसेच, हवेत, काहीतरी धरल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात सहा नवे पट्टे आले. सहा. इतके दिवस एक मिळत नव्हता. फळ्यावरचं नाव मीच पुसलं.

मामा मग सगळीकडे फिरला. चष्म्याचं दुकान, बँक, एकेक काच. प्रत्येकीवर तीन ठोके. ठसे गेले. चष्मेवाल्याने विचारलं, कोणतं लिक्विड वापरलं?

गोष्ट इथे संपायला हवी होती.

आता मागचं टोक मी धरते. टेम्पोही चालवते, तेही धरते. काल सकाळी अकरा वाजता, शाळेची खिडकी. मामाने पुढचं टोक धरलं. मी माझं धरलं. ठोके द्यायला बोट उचललं...

टक. टक.

मी वाजवले नव्हते.

मामाची पाठ ताठ झाली. तो वळला नाही.

काच हलकी होती. फारच हलकी. आणि माझ्या दोन हातांच्या मध्ये, काचेवर, वाफ धरावी तसा एक ठसा उमटला. अर्ध्या बोटाचा.

त्याला सोडायला सांगितलंय. एकदा नाही, प्रत्येक काचेवर. आता त्याला कोणी बांधून ठेवलेलं नाही. मालक नाही, फळा नाही, मामा नाही.

मग कशाला आला हा शहाणा परत?

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काच खिडकीत बसली. मामाने तीन ठोके दिले. मी हात काढले.

ठसा तसाच होता.