कोळ्याच्या पोराला विकतची मासळी

त्याची सायकल माझ्या पाटीवर आली आणि बोंबील रस्ताभर झाले. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपच्या गेटसमोर, पाळी सुटायच्या वेळेला!

"डोळे कुठं ठेवून आलास रे?"

"होते इथंच..." तो बोंबील गोळा करत हसला. "आत्ताच हरवले."

मेला! असली गोड बोलणी मी ओळखून होते. माझा नवराही गोडच बोलायचा. खाडीत जाळं लावायला चाललो म्हणाला – आणि ती होती अष्टमी! अष्टमीला पाण्याला ओढच नसते, जाळं लावून मिळणार काय? आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. तसा तो पकडला गेला. विठ्ठलवाडीला दुसरं घर मांडलं होतं त्याने. मी काडीमोड घेऊन कोलशेतला भावाकडे आले. पण झोप गेली ती गेलीच. भाऊ उशिरा आला तरी माझ्या छातीत धडधडायचं. पाटी घेऊन बसले की तेवढाच वेळ डोकं शांत राहायचं.

हा सायकलवाला देवराम मग रोज पाळी सुटली की यायला लागला. कधी निवट्या, कधी कोलंबी. घासाघीस नाही, नुसतं बघणं... मलाही साडेपाचची वाट बघायची सवय लागली. आणि एक दिवस बोलता बोलता म्हणाला, "आमचा बा बाळकुमचा, अजून होडी घालतो."

माझा हात थांबला. घरात होडी, आणि हा विकत मासळी नेतो? कोणाच्या चुलीवर?

"कोणासाठी नेतोस?"

"घरी..."

"खोटं!" मी त्याची मासळी परत पाटीत टाकली. "कोण आहे ती? सरळ सांग!"

त्याचा चेहरा उतरला. "मंजुळा, तसं काही–"

"उद्या आईला घेऊन ये. मी तिलाच विचारीन."

येणार नाही, असंच धरून चालले होते. रात्रभर रडले. पण दुसऱ्या दिवशी सायकलच्या मागे बसून त्याची आई आवडाबाई आल्या, उतरल्या त्या भांडतच.

"अगो, तूच काय ती? घरात म्हावरा सडतंय आन् ह्यो येडा विकत आनतंय! शेजारीपाजारी वाटून थकले मी. त्याला एकदाचा हो तरी म्हन, नायतर हाकलून तरी दे!"

देवराम कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं... आणि डोळ्यांत पाणीही.

"माझा विश्वास नाही बसत रे अजून कोणावर," मी हळूच म्हणाले. "उशीर झाला तर विचारीन. चारचौघांत विचारीन. भांडेन."

"विचार की."

"रोज विचारीन."

"रोज सांगेन," तो म्हणाला. "कंटाळलीस की थांब."

मी अजून थांबलेले नाही. संसाराला सात वर्षं झाली, आणि तोही अजून सांगतोच आहे.