अप्पांचं फरशीपुराण

रविवारी दुपारी चार वाजता तिसरी डीव्हीडी तयार झाली, आणि व्हिडिओतून कापून टाकलेली फरशी तिच्यातही होतीच.

अप्पांच्या धाकट्या मुलाने रिमोट सोफ्यावर आपटला. तो विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायचा. कागदात खोट असली की ती त्याला बरोबर सापडायची. इथे हाताला काही लागत नव्हतं.

काम खरं तर किरकोळ होतं. घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी एका स्टुडिओने कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या होत्या. त्यातली आईची दृश्यं निवडून डीव्हीडी करायची, बस्स. अप्पांना फक्त डीव्हीडी प्लेअर जमायचा; त्याची बटणं त्यांच्या बोटांना पाठ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता, जे बघायचं ते महिनाभरात बघून घ्या म्हणाले होते. अप्पांना आईचा चेहरा बघायचा होता. आणखी काही नाही.

पण सॉफ्टवेअर निवडता निवडताच धाकट्याच्या नाकी नऊ आले. पहिलं फुकट होतं. त्याने आईच्या कपाळावर स्वतःचं नाव छापलं. दुसऱ्यात आई आधी हसायची आणि हसू मागून ऐकू यायचं. परीक्षणं वाचावीत, तर ज्याचं त्याचं सॉफ्टवेअर सर्वोत्तम. ताई फोनवर म्हणाली, एवढ्या वेळात तूच एखादं लिहून मोकळा झाला असतास. शेवटी वैतागून त्याने तिसरं विकत घेतलं.

फरशीचा घोळ अप्पांचा. शूटिंग झालं की ते कॅमेरा बंद करायला विसरत आणि तसाच खाली ठेवून देत. त्यामुळे प्रत्येक कॅसेटच्या शेवटी जुन्या घराची लाल फरशी, कितीतरी वेळ. घरात त्याला ‘अप्पांचं फरशीपुराण’ म्हणत. धाकट्याने ते सगळं काढून टाकलं होतं. कॉम्प्युटरवर ते दिसतही नव्हतं. तरी पहिल्या डिस्कवर फरशी शेवटी थोडी आली, दुसरीवर निम्मी. तिसरीवर फरशीशिवाय काहीच नव्हतं.

आणि लांब कडेला एक हात होता. ओल्या फडक्याने फरशी पुसत होता.

त्याने मूळ कॅसेटींवरून उतरवलेलं सगळं पुन्हा पाहिलं. हात कुठेच नव्हता. मग टीव्हीचा फोटो काढून ताईला पाठवला. तिचा फोन यायला वेळ लागला.

“हात आईचाच आहे. मनगटावरचा भाजल्याचा डाग बघ,” ती म्हणाली. “पण ही फरशी आपली कुठे रे? आपली लाल होती.”

धाकट्याने खाली पाहिलं. टीव्हीतल्यासारखीच पांढरी फरशी, कडेला राखाडी पट्टा. हे घर त्याने आई गेल्यानंतर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चौथं सॉफ्टवेअर उतरवलं. या वेळी एकच दृश्य घेतलं, आई खिडकीत उभी राहून हसते ते. कापाकापी नाही, काही नाही. डिस्क लावली. अप्पा खुर्ची पुढे ओढून टीव्हीला नाक लावून बसले.

फरशी आली. हात आता जवळ होता. फडकं पडद्यावरच्या एका खुर्चीच्या पायांपाशी पोचलं होतं.

धाकटा चिडून उठला. हेही काढून टाकतो, म्हणाला.

“कापू नकोस ते,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, तीनदा कापलं. तरी येतंय.”

“मग येऊ दे.”

अप्पांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.

टीव्हीत, खुर्चीच्या पायांमध्ये, दोन म्हातारी पावलं वर झाली. फडकं त्यांच्याखालून फिरलं.

धाकट्याने प्लेअरची वायर उपटली.

“चेहरा राहिला की रे,” अप्पा म्हणाले. “आता वर बघणार होती.”

महिना संपायच्या आत अप्पांची नजर गेली. धाकट्याने डिस्का मोडल्या, चारही सॉफ्टवेअर पुसली, प्लेअर देऊन टाकला. अप्पांनी तक्रार केली नाही. ते त्याच खुर्चीत बसतात. बोलता बोलता मध्येच दोन्ही पाय उचलतात, थांबतात, हळूच खाली ठेवतात. वय झालं, असं सून म्हणते.

काल दुपारी त्यांनी पाय उचलले, मान खाली वळवली आणि बराच वेळ हसत राहिले.

धाकट्याने वाकून हात लावला. खुर्चीखालची फरशी ओली होती.