मोंतेसोर्दाचं दार

शलाका साळुंखे नकाशे काढायची. जमिनीचे नव्हे, खेळाचे. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका लहानशा स्टुडिओत तिची नोकरी होती. संगणकावरचे युद्धाचे खेळ तिथे तयार होत. राज्य उभं करायचं, फौज हलवायची, शेजाऱ्याची शहरं गिळायची, असा तो प्रकार. त्या वर्षी मध्ययुगीन इटलीचं काम हाती होतं आणि सबंध नकाशा एकट्या शलाकाकडे होता. सिएनाची हद्द कुठे संपते, पेरुजाची कुठे सुरू होते, कुठल्या नदीला कुठे उतार आहे, यात तिचा दिवस जायचा. तिला ते काम मनापासून आवडे. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट पूर्णपणे तिच्या हातात आली होती.

घरी मात्र हातातून सगळं सुटत चाललं होतं. तिचे वडील धनाजीराव, म्हणजे आबा, विसरू लागले होते. आबांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. आबांची हयात नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. कुलदैवताच्या वाऱ्या सोडल्या तर ते गुजरातबाहेर कधी गेले नव्हते. आईला, कौशल्याबाईंना, सगळं एकटीने झेपेना, म्हणून शलाकाने घरून काम मागून घेतलं. कारेलीबागेतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिचं टेबल लागलं, आणि टेबलामागे आबांची खुर्ची.

अडचण निघाली ती डोंगरात. आरेत्सो आणि उर्बिनो यांच्यामधला मुलूख नकाशावर रिकामा होता.

"इथे खेळ ढिला पडतो," स्टुडिओचा मालक मयंक फोनवर म्हणाला. "फौज सीधी निघून जाते. काहीतरी आडवं घाल ना."

शलाकाने एका टेकाडावर तटबंदीचं गाव बसवलं. इतिहासात तिथे असं गाव असल्याचं तिच्या वाचनात नव्हतं. तिने दोन इटालियन शब्द जोडले आणि त्याला नाव दिलं, मोंतेसोर्दा. चहा निवायच्या आत गाव तयार झालं.

दुसऱ्या दिवशी आबा खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ संगणकाच्या पडद्याकडे पाहत होते.

"ओढा चुकलाय," ते म्हणाले.

"कुठला ओढा, आबा?"

"आपला. तो असा समोरून नाही येत. खडकाच्या मागून वळतो. बायका तिकडूनच पाणी आणतात." त्यांनी बोट टेकवलं.

शलाका हसली. पण ती चोख काम करणारी बाई होती, म्हणून तिने तपासलं. डोंगरांच्या उंचीची आकडेवारी तिने उपग्रहावरून घेतली होती आणि खेळासाठी ती जराशी सपाट केली होती. मूळची आकडेवारी परत लावल्यावर खडकामागे एक अरुंद घळ उघडी पडली. पाणी तिथूनच जाणार, दुसरीकडून जाऊच शकणार नाही. उभा जन्म पाइप आणि उतार सांभाळलेल्या माणसाची नजर, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ओढा हलवला.

त्या संध्याकाळी आबा कोपऱ्यावर दूध आणायला गेले ते परत आलेच नाहीत. शेवटी शेजारच्या मंदाताई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "गल्लीच्या तोंडाशीच उभे होते," त्या म्हणाल्या. "घर कुठल्या बाजूला म्हणून मलाच विचारत होते."

मग आबा अधूनमधून बोलू लागले. वरच्या आळीत सगळ्यांची मिळून एक भट्टी आहे. भट्टीच्या दिवशी सगळ्या गावाला वास येतो. थंडीत गहू संपले की काटेरी सालीचं एक तपकिरी फळ धुरावर वाळवायचं आणि त्याचं पीठ करायचं. भाकरी गोड होते, पण घशाला चिकटते. शलाकाने शोधलं. त्या डोंगरांत चेस्टनटचं पीठ खात, हे खरं निघालं. आबांनी हे फळ जन्मात पाहिलेलं नव्हतं.

तिने भट्टी बसवली. मयंकने नकाशा उघडून पाहिला आणि खूश झाला. "जोरदार छे. बाकीची गावं नकाशावर आहेत, आणि हे एक जिवंत आहे. कुठून काढतेस हे सगळं?"

"वाचनातून," शलाका म्हणाली.

खेळ तपासणारा सोहम मात्र वैतागला होता. संगणक चालवतो त्या फौजा त्या गावाजवळ येत, थांबत, आणि मागे फिरत. वेढा नाही, तह नाही. "तसा नियमच नाहीये आपल्याकडे," तो म्हणाला. "मी दोनदा बघितलं. त्यांना कोणी सांगितलं मागे फिरायला?"

आबांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. आबांनी सावकाश एक गोल काढला. आकडे लिहिले नाहीत. गोलाच्या कडेवर लहान लहान बुरूज उभे केले, खाली एक दार काढलं, आणि दारापासून वर चढत जाणारी वाकडी गल्ली. रेघ कुठे थरथरली नव्हती. डॉक्टर निरुपमा कागदाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "वेळेचं भान गेलंय." परतताना रिक्षात आई तोंड बाहेर करून रडत होती. शलाकाने तो कागद पर्समध्ये घालून आणला होता. संध्याकाळी तिने त्याबरहुकूम तटबंदी काढली.

दुसऱ्या दिवसापासून आबांना न्हाणीघर सापडेना.

शलाका अडाणी नव्हती. हा आजार असाच पुढे सरकतो, हे तिला माहीत होतं. तरीही तिच्या मनात एक शंका येऊन बसली, आणि ती दूर करायला तिने आबांना काही विचारायचंच नाही असं ठरवलं. संगणकाचा पडदा त्यांच्याकडे पाठ करून लावला. त्या दिवसांत आबांचं काहीच गेलं नाही. उलट त्यांनी नंदेसरीतल्या पाळीवाल्यांची नावं सांगितली. एका सकाळी ती त्यांना लहरीपुऱ्याच्या बाजारात घेऊन गेली, तर त्या गर्दीत तेच पुढे चालत होते. बांगड्यांच्या दुकानाशी थांबून ते म्हणाले, "तुझ्या आईला लग्नानंतर पहिल्या बांगड्या इथेच घेतल्या. हिरव्या. तिला लाल हव्या होत्या, पण बोलली नाही."

घरी आल्यावर आई ते ऐकून कितीतरी वेळ नुसती हातांकडे बघत राहिली.

म्हणजे शलाकाला आता कळलं होतं. जे आबा तिकडचं सांगत, त्याच्या मोबदल्यात इकडचं काहीतरी जात होतं. कसं, ते तिला कधीच कळलं नाही. पण जात होतं.

आणि मग मयंकचा फोन आला. परदेशातल्या कंपनीला मोंतेसोर्दा फार आवडलं होतं. खेळाच्या जाहिरातीत तेच गाव दाखवायचं होतं. "अजून जीव ओत त्यात," तो म्हणाला. "आतली घरं दिसली पाहिजेत. तुझं नाव मोठं होईल, शलाका."

तिने फोन ठेवला. मग तिने पडदा परत आबांकडे वळवला.

उत्तरायणाच्या दिवशी सगळं बडोदं गच्च्यांवर होतं. आबांनाही वर नेलं होतं. आभाळ पतंगांनी भरलेलं, चारही बाजूंनी भोंगे आणि आरोळ्या. आबांनी एकदम कानांवर हात ठेवले.

"घंटा कोण वाजवतंय?" ते म्हणाले. "एवढ्या लवकर? दार लावतील आता."

"चला खाली, आबा," शलाका म्हणाली. जिन्यात तिने विचारलं, "घंटा कुठे आहे?"

त्यांनी सांगितलं. मागून येणाऱ्या आईने ते ऐकलं.

त्या दुपारी आईने तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आई कधी आवाज चढवत नसे. "शलू, त्यांना आता काही विचारू नकोस."

"आई, डॉक्टर म्हणाल्या ना, हे होणारच होतं."

"होईल तेव्हा होईल. तू हाताने काढून नको घेऊस." उंधियूची वाटी तिच्या हातात तशीच होती. "मला अजून ओळखतात ते. तेवढं राहू दे."

शलाका हो म्हणाली. काही दिवस तिने तो शब्द पाळलाही.

पण जाहिरातीचं काम जवळ आलं. गाव तिच्या समोर होतं. तटबंदी, ओढा, भट्टी, घंटा. फक्त घरं पोकळ होती. आई खाली भाजीवाल्याकडे गेली होती. आबा खुर्चीत जागे होते.

"आबा," ती म्हणाली, "तुमचं घर कुठलं?"

कितीतरी महिन्यांत ते हसले नव्हते. आता हसले. पुढे सरकले आणि बोट टेकवलं. दारात अंजिराचं झाड आहे. उंबरा झिजलाय. आत शिरल्यावर डाव्या हाताला चूल. ते सांगत गेले, ती काढत गेली. इतकं सुंदर काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"आणि घरात कोण असतं?"

"बायको आहे," आबा म्हणाले. "दोन मुलगे आहेत." आणि त्यांनी एक नाव घेतलं, अगदी हळू, जपून. ते शलाकाला नीट ऐकू आलं नाही. ती त्यांची एकुलती एक मुलगी होती.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आई पिशवी घेऊन आत आली.

"अहो," ती म्हणाली, "वालपापडी मिळाली. करू का आज?"

आबांनी मान वळवली नाही.

तिने पुन्हा हाक मारली. जवळ येऊन खांद्याला हात लावला. त्यांनी अंग किंचित आवरून घेतलं. आईने पडद्याकडे पाहिलं, मग शलाकाकडे. पिशवी उचलून आत गेली.

त्याच संध्याकाळी शलाकाने गाव पुसून टाकलं. घर, अंजीर, भट्टी, तट, सगळं. मुलूख पहिल्यासारखा रिकामा झाला. मयंक फोनवर ओरडत राहिला, ती ऐकत राहिली.

सकाळी आबा बाल्कनीत उभे होते. पायात चपला घातलेल्या.

"काय झालं, आबा?"

"बाहेर काढलं," ते म्हणाले.

"कोणी?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

त्यानंतर ते जेवेनात. झोपेनात. या खोलीतून त्या खोलीत फिरत, भिंतींना हात लावत. इथलं काही त्यांना परत मिळालं नव्हतं. तिकडचंही आता गेलं होतं. शेवटी आईच म्हणाली, "जे होतं ते परत ठेव, शलू. निदान कुठेतरी असू देत त्यांना."

जुनी प्रत स्टुडिओत होती. ती लावली. गाव जसंच्या तसं परत आलं. तट, ओढा, अंजीर.

दार बंद होतं.

खेळात बंद दार नव्हतंच. "आपण उघडंच बनवलंय," सोहम म्हणाला. "बंद दाराचं चित्रच नाही कुठे." तिने दार काढून नवं बसवलं. ते उघडं बसलं. आणि ती पाणी पिऊन आली तोवर बंद झालं होतं.

तिने आबांना पडद्यासमोर बसवलं. भिंतीकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

जाहिरात झाली. शलाकाचं नाव झालं. लोकांनी कौतुकाचे फोन केले. आई पापड लाटताना ते ऐकत असे.

मार्च लागला तसं बडोदं तापलं. पंखा पूर्ण वेगात, तरी घाम निथळायचा. आबा खुर्चीत, हात गुडघ्यांवर. त्यांचा श्वास ऐकू यायचा.

एका दुपारी शलाका आतून आली, तर आई टेबलाशी बसली होती. एवढ्या महिन्यांत ती तिथे कधी बसली नव्हती. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती पाहत होती.

"आई?"

"तिकडे थंडी असते का गं?"

"कुठे?"

"दाराशी उभे आहेत," आई म्हणाली. "केव्हाचे. आत घेत नाहीत त्यांना. अंगात स्वेटरही नाही."

शलाकाने पाहिलं. बंद दार होतं, दारापुढे रिकामी वाट होती. आणखी काही नव्हतं.

"आई, आबा इथे आहेत," ती म्हणाली. "मागे बघ. खुर्चीत."

आई वळली. खुर्चीकडे पाहिलं. क्षणभर थांबून तिने पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला.

मग शलाकाकडे झुकून, खुर्चीतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, तिने विचारलं,

"हे जेवायला थांबणार आहेत का?"