निंबाखालची डबी

"तुमची मशीन कायले एवढी ओरडून राहिली?"

आमगावच्या बाजाराच्या मैदानावर, सोमवारी सकाळी, हा आवाज माझ्या पाठीमागून आला. रविवारचा बाजार उठला होता. कोबीची पानं, सुतळ्या, चिखलात उमटलेली पावलं... आणि त्यात मी, बाबांचं धातू शोधायचं यंत्र हातात धरून. बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. ते होते तेव्हा मी एकदाही त्यांच्याबरोबर इथे आले नव्हते – लोक हसतात म्हणून.

"तिले सगळंच आवडते," मी म्हणाले. "खिळा, झाकण, छत्रीची काडी."

"अन् तुमाले?"

मी खाली बघून उकरत राहिले. सोड्याच्या बाटलीचं झाकण निघालं. तो हसला नाही, हे मला आवडलं.

तो रत्नपाल. नहराच्या कामावर ठेकेदाराकडे इंजिनीअर, जुन्या नाण्यांचा शौकीन. त्याचं यंत्र पंचेचाळीस हजारांचं, बाबांचं तीन हजारांचं. त्याचं पडद्यावर आकडा दाखवायचं. उकरण्याआधीच कळायचं, खाली पितळी वीस पैसे आहेत की ॲल्युमिनियमचे पाच. लोखंड आलं की गप्प बसायचं, त्यानं ते तसं लावूनच ठेवलं होतं. बाबांचं मात्र सगळ्यांनाच हाक मारायचं, आणि बाबा दर हाकेला उकरायचे. अंगणात गंजका खिळा निघाला तरी अंगठ्यानं माती पुसून त्याला म्हणायचे, "चाल घरी." असे दोन डबे भरले होते. एक भोकाचा पैसा तेवढा त्यांना कधी मिळाला नाही, हेही मी रत्नपालला सांगितलं होतं.

"एक डाव माझी चालवून पाहा," रत्नपाल दर सोमवारी म्हणायचा.

"बाबांची रागावेल."

"मशीन का तुमी?"

पाच सोमवार असे गेले. मग नहराचं काम संपलं; पुढचं बिलासपूरला होतं. जाताना त्यानं आपलं यंत्र आमच्या ओसरीवर ठेवलं.

"राहू द्या तुमच्यापाशी. तुमी काही हाती घेणार नाही, माहीत आहे." मग दुसरीकडे पाहत... "मैदानात निंबाखाली काही ठेवलं तुमच्यासाठी. सोमवारी शोधजा. बुधवारपर्यंत मी गोंदियाले आहो."

सोमवारी मी पहिल्यांदाच त्याचं यंत्र उचललं. त्याच्या हाताची सवय झालेली मूठ धरावीशी वाटली – एवढंच कारण. निंबाभोवती दोन तास फिरले. पडदा कोरा. वाटलं, थट्टा असेल. किंवा ठेवलेलं त्यानंच काढून नेलं असेल. फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

बुधवार गेला. पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

तीन वर्षांनी कळलं, मैदानावर सिमेंट पडणार आहे. शेवटचं फिरवून आणावं म्हणून मी बाबांचं यंत्र घेऊन गेले. निंबाखाली ते ओरडलं.

वीतभर खाली तंबाखूची लोखंडी डबी होती. आत प्लास्टिकच्या पिशवीत भोकाचा पैसा, आणि चिठ्ठी.

"रचना, हे बाबांच्याच मशीनला सापडावं म्हणून डबी लोखंडाची घेतली. माझ्या आईला तुमच्या घरी पाठवू का? फोन नाही आला तर समजून घेईन."

मी डबीचं झाकण लावलं. अंगठ्यानं तिच्यावरची माती पुसली.

"चाल घरी," मी म्हणाले.