शेवंतीचं वय

माझी पाडी शेवंती, आमच्या गाईचं वासरू, रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिच्यासमोर मोटरसायकलवर एक अनोळखी तरुण, पोटाशी बर्फाची पेटी धरून. मी मांडवीच्या डेअरीत दूध घालून परतत होते. भादव्यातला ऊन-पाऊस चालला होता.

“हिला जरा बाजूला घ्याल? काशीरामांचं घर शोधतोय.”

“तिच्यामागून चला. ती तिथलीच आहे.” काशीराम माझे बाबा.

तो हसला… भिजलेल्या पापण्यांसकट.

तो तरुण म्हणजे गुरुप्रसाद, आमच्याकडचे नवे गुरांचे डॉक्टर. ब्रुसेलोसिसची लस द्यायला आले होते. या रोगानं गाई गाभडतात, पोटातलं वासरू पडतं. आमची एक गाय आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात गाभडली होती. तिच्याजवळ बसलेले बाबा मला अजून आठवतात.

“चार ते आठ महिन्यांच्याच पाड्या,” डॉक्टर म्हणाले. “हिचं वय?”

“आठ,” मी पटकन म्हणाले. शेवंती अकराची होती.

लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. डॉक्टर मात्र पुन्हा आले.

“टोचल्याची सूज बघतो.”

“ती कधीच उतरली. गेल्या आठवड्यातही हेच बघायला आला होतात.”

“हो?… मग चहा तरी द्या.”

माघात डेअरीनं सगळ्या गुरांचं रक्त तपासलं. शेवंतीला रोग असल्याचा निकाल आला. बाबांनी तिला काजूच्या बागेत वेगळी बांधली. “बाकीच्या गाईंना लागला तर, वेदिका? घालवूया तिला.” रात्रभर ती हंबरत राहिली.

सकाळी मी फोन केला. तासाभरात डॉक्टर दारात.

“लशीनंही रक्तात तीच खूण उठते,” ते म्हणाले. “ही तपासणी दोन्हींतला फरक ओळखत नाही. पण वेळेत टोचलं तर एव्हाना खूण पुसायला हवी होती. उशिरा टोचलं तर रेंगाळते… खरंच आठ महिने होते?”

“अकरा. तुम्ही तिला सोडून गेला असतात… म्हणून खोटं बोलले.”

ते रागावतील असं वाटलं. ते खाली बघत राहिले.

“चूक माझीही आहे. अंगावरून कळायला हवं होतं. माझं लक्षच नव्हतं तिच्याकडे.”

“मग कुठे होतं?”

त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी दोघांची चूक कागदावर जशीच्या तशी लिहिली, खाली सही केली आणि बाबांना म्हणाले, “तीन महिने थांबा. मी पुन्हा रक्त घेईन. तोवर वेगळीच ठेवा.”

“तुमच्या शब्दावर थांबतो, डाक्टर.”

ते तीन महिने मी कसे काढले, विचारू नका. रोज बागेत जायचे, शेवंतीला गवत घालायचे, आणि डॉक्टरांनी लिहिलेलं ते खरं आठवून माझ्या खोट्याची लाज वाटायची.

वैशाखात रक्त स्वच्छ आलं. निकाल सांगायला डॉक्टर स्वतः आले. बाबा शेवंतीला सोडायला बागेकडे धावले. अंगणात आम्ही दोघंच उरलो.

“आता इकडे यायला काही कारण उरलं नाही,” ते म्हणाले. “म्हणून… कायमचंच विचारतो. वेदिका, माझ्याशी लग्न करशील?”

“बाबांना विचारा ना.”

“विचारीन. आधी तुला.”

ते माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी नजर चोरत नव्हते.

“हो,” मी म्हणाले. “आत ये.”

इतके महिने मी त्यांना ‘या’ म्हणत आले होते. त्यांच्या ते लक्षात आलं… आणि उंबऱ्यावर गडबडीत त्यांच्या पायातली चप्पल निघेना.