एमेटच्या मक्यातली हाक

लाकडं ओली आहेत, धूर होणारच. डोळे चोळत बसण्यापेक्षा या बाजूला सरका. आणि ब्राइस, ती टॉर्च खिशात घाल. उद्या रात्री एमेटच्या मक्यात शिरायचा तुमचा बेत माझ्या कानावर आलाय. जा की. मी कोण अडवणारा? फक्त जाण्याआधी लाइल हूपरचं काय झालं तेवढं ऐका. मी हे त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि लाइल काही गोष्टी रचणारा माणूस नव्हे. बारा वर्षं धान्याच्या गोदामावर माझ्याबरोबर होता. त्याला साधा विनोद धड सांगता यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, तिसरा शनिवार. काम किरकोळच, दारातल्या पायऱ्यांवर मांडायला भोपळे आणायचे. लाइल, बायको मार्नी आणि पाच वर्षांची टेस. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली एकुलती एक पोर, त्यामुळे लाइलचा सगळा जीव तिच्यात. टेसनं हॅलोविनची वाट न बघता मधमाशीचा पोशाख आधीच चढवला होता. दुपारी छान ऊन होतं, म्हणून तिचा स्वेटर गाडीतच राहिला.

तिघं ट्रॉलीत गवताच्या गाठींवर बसून भोपळ्यांच्या शेतात गेले. डोनट खाल्ले, सफरचंदाचा गरम रस प्याले. टेसनं नेमका एक वेडावाकडा भोपळा निवडला.

"हा?" मार्नी म्हणाली. "अगं, याला धड बूडसुद्धा नाही. पायरीवर उभा कसा राहणार?"

"याला दुसरं कुणी नेणारच नाही ना," टेस म्हणाली. "मग तो इथंच राहील."

लाइलनं मुकाट्यानं तो काखेत मारला. या पोरीपुढं त्याचं काही चालत नसे.

मग मक्यातला भुलभुलैया. एमेटची पद्धत तुम्हाला माहीत आहे. घरटी एक केशरी निशाण मिळतं, लांब काठीला बांधलेलं. वाट चुकली तर ते मक्याच्या वर धरून हलवायचं, मचाणावरचा माणूस बघतो आणि न्यायला येतो. बाहेर पडताना काठी फाटकातल्या पिंपात टाकायची. टेस म्हणाली, निशाण मीच धरणार. लाइलनं दिलं. ती पुढं धावत सुटली. "त्या वळणावर थांब गं," तो ओरडला आणि मार्नीशी बोलत रमतगमत मागून गेला.

वळणावर टेस नव्हती.

आता हाका मारायच्या तेवढ्या राहिल्या. निशाण तिच्याकडं, त्यामुळे या दोघांना मदतही मागता येईना. चुकत, भांडत, एकमेकांना दोष देत दोघं बाहेर आले तेव्हा सूर्य बुडाला होता. रेडिओवर सांगत होते, आज रात्री हंगामातलं पहिलं कडक हिम पडणार. आणि पोर पातळ पोशाखात.

एमेट पिंपाजवळ गेला, काठ्या मोजून आला. "सगळी निशाणं परत आलीत, लाइल. म्हणजे ती बाहेर पडलीय. इथंच कुठंतरी भटकत असेल."

"एवढ्याशा पोरीला एकटी बाहेर पडताना तुझ्या माणसांनी पाहिलं नाही?"

"गर्दी होती रे."

सगळे पांगले. कुणी गाड्यांमध्ये शोधू लागलं, कुणी तळ्याकडं पळालं. मार्नीनं लाइलचा फोन घेतला आणि शेरिफला लावत कोठाराकडं धावली. लाइल फाटकातच उभा राहिला. त्याला काय करावं सुचेना.

तेवढ्यात मक्यातून हाक आली.

"डॅडी…"

"ऐकलंस?" त्यानं एमेटला विचारलं.

एमेटनं कान दिला. "वारा आहे लाइल. पात वाजतेय."

"माझी पोर आहे ती."

"निशाण पिंपात आहे. मी सांगतो ना, ती बाहेर…"

लाइल थांबला नाही. शिरला आत.

तुम्ही दिवसा गेलात ना मक्यात, तरी कळेल. दोन वळणं घेतली की बाहेरचं जग संपतं. त्याच्या हातात दिवा नव्हता. हाक डावीकडून आली, तो डावीकडं गेला. मग समोरून. मग पलीकडच्या ओळीतून. त्यानं वाट सोडली आणि उभ्या मक्यातूनच घुसला. ताटं मोडत, कणसं अंगावर घेत. पातीनं गाल कापले, तळवे कापले. हाक एका ओळीच्या अंतरावर. नेहमी एकाच ओळीच्या.

"टेस, बाळा, हलू नकोस. आहेस तिथंच थांब."

"डॅडी…"

तो रडत होता. हे त्यानं माझ्यापासून लपवलं नाही. म्हणाला, "वेंडेल, मी त्या रात्री देवाला काय काय देऊ केलं ते विचारू नकोस." इतकी वर्षं चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढणारा माणूस तो.

मग हाक थांबली.

वारा पडला.

पातसुद्धा वाजेना.

लाइल गुडघ्यावर बसला. त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं. अंधारात हात पसरून तो नुसता चाचपडत राहिला…

आणि त्याच्या हातात एक हात आला.

लहानसा. गार. त्यानं अंगातला जाड कोट काढला, अंदाजानंच त्या अंगाभोवती गुंडाळला. दात वाजताना ऐकू येत होते. तो म्हणाला, "झालं हं, झालं. चल, आई वाट बघतेय." उचलायला गेला.

उचलेना.

पाच वर्षांची पोर. रोज खांद्यावर घेऊन फिरायचा तो तिला. आता जमिनीत रुजल्यासारखी. हलेचना.

तेव्हा कोठारावरचा भोंगा वाजला. मार्नीचा आवाज. रडत होती, हसत होती.

"लाइल, टेस सापडली. ट्रॉलीत गवताखाली झोपली होती. ये बाहेर. लाइल, ऐकतोयस का? ती माझ्याजवळ आहे."

आणि मग भोंग्यावर टेस, झोपाळलेली. "डॅडी, मला भूक लागलीय. घरी जाऊ या ना."

लाइल तसाच.

हात हातात.

तो हात हळूहळू आवळला गेला…

"डॅडी," अंधारातून आवाज आला. टेसचाच. "मला पण ने ना."

लाइलनं हिसका दिला. हात सुटला. तो पळाला. पडला, उठला, पळाला. मागून कुणी आलं नाही. मागून नुसतं रडणं येत राहिलं, बारीक, आणि मग तेही नाही.

फाटकात टेस उभी होती, केसांत गवत. त्यानं तिला उचललं तेव्हा ती कापसासारखी हलकी लागली. मार्नीनं विचारलं, कोट कुठाय? तो टेसला घेऊन गाडीकडं चालू लागला.

रात्रभर स्वयंपाकघरात बसून होता. नंतर मला म्हणाला, "माझी पोर मिळाली, वेंडेल. जीवात जीव यायला हवा होता. पण ते कुणाचं तरी पोर होतं. कुडकुडत होतं. आणि मी त्याचा हात झिडकारला." मी त्याच्या पेल्यात कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एमेट मक्यात गेला. मोडलेल्या ताटांचा माग काढायला कष्ट नव्हते. रान पांढरंशुभ्र झालं होतं, पायाखाली हिम करकरत होतं. शेताच्या मधोमध त्याला कोट दिसला. त्यानं तिथूनच लाइलला फोन लावला.

"तुझा कोट इथं पडलाय. गळ्यापर्यंत बटणं लावलीत. आणतो."

लाइलनं विचारलं, "एमेट… रिकामा आहे का?"

एमेट वाकला. कोटावर हिमाचा थर बसला होता, कापड फळीसारखं ताठ झालं होतं. त्यानं गळ्याजवळचं बटण काढलं आणि आत हात घातला.

रिकामा होता.

आतून कोमट होता.